ताजिकिस्तानला पहिल्यांदाच जातोय, आई (६३) सोबत, सगळे शाकाहारी, १२ दिवस. कसं जमवावं?

साताऱ्याची_मीरा

नमस्कार मंडळी, खरंतर आमचं दोन वर्षांपासून इराण ठरलं होतं पण तिथली परिस्थिती आणि त्यात २०२५ च्या नोव्हेंबरपासून आपल्याला बिनव्हिसाची सोय पण बंद झाली म्हणून तो बेत सोडला. आता ताजिकिस्तान डोक्यात आहे, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, मी, नवरा आणि माझी आई.

फारसी बोलणाराच देश का तर ते आईसाठी. ती ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवायची आणि वर्गात कुठलाही शब्द आला की हा फारसीतून आला, तो तिकडून आला असं सांगायची, आम्हाला घरीसुद्धा जेवताना तेच. आता रिटायर झाल्यावर म्हणते की आयुष्यभर ज्या भाषेचे शब्द सांगितले ती भाषा बाजारात बोलताना एकदा कानाने ऐकायचीय. मला ते काही करून जमवायचंय.

तर प्रश्न असे: शाकाहारी माणूस तिथे जगतो का (आई अंडंही खात नाही)? पामीर हायवे आईला झेपेल का? तिचा बीपी गोळीने कंट्रोलमध्ये आहे, गुडघे बरे आहेत, गेल्या वर्षी रायगड पायऱ्यांनी चढली. पैसे कसे न्यायचे? कपडे काय? आणि आम्हाला रशियन येत नाही, तर चालेल का? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

---

घाटवाटा

मीराताई, मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाऊन आलोय, बायको आणि मी. आधी पामीरचं सांगतो कारण तिथेच माणसं चुकतात, आम्हीही चुकलो.

राजधानी दुशान्बे ते खोरोग (पामीरमधलं मुख्य गाव) हे साधारण सव्वापाचशे किलोमीटर आहे आणि सकाळी निघालं तर रात्र होते, कधी दुसरी पहाटही. रस्ता पंज नदीच्या काठाने जातो आणि पलीकडे अफगाणिस्तान, इतकं जवळ की तिकडे गाढवावर ओझं घेऊन चाललेला माणूस दिसतो. खोरोग २१०० मीटरच्या आसपास, तिथपर्यंत त्रास नाही. पण खोरोगवरून मुर्गाब ३६०० मीटर आणि त्यापुढे अक-बैताल खिंड ४६५५ मीटर. आम्ही खोरोगला एकच रात्र झोपलो आणि दुसऱ्या दिवशी थेट मुर्गाब गाठलं. बायकोला संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, आम्हाला वाटलं दिवसभर गाडीत धक्के खाल्ले म्हणून असेल, रात्री अकराला उलट्या सुरू झाल्या आणि घरमालकीण बिचारी उशाशी बसून चहात साखर घालून चमच्याने पाजत होती. सकाळी पुढचं सगळं रद्द करून परत खाली आलो, जसजसं उतरलो तसतशी ती बरी होत गेली. हिचं वय तेव्हा ३८, दर रविवारी डोंगरात जाणारी. म्हणजे फिटनेसचा त्याच्याशी संबंध नाही, रायगड चढला म्हणून विरळ हवा सोसेलच असं धरू नका.

१२ दिवसांत पूर्ण पामीर करायचा तर रोज धावपळ होणार आणि उंचीची सवय व्हायला वेळच मिळणार नाही. माझं स्पष्ट मत, आईला घेऊन मुर्गाब करू नका. एकतर खोरोगपर्यंत जा आणि तिथेच तीन रात्री राहा, जवळच गर्म चश्मा म्हणून गरम पाण्याचे झरे आहेत (बायका-पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात), नाहीतर पश्चिमेकडचा भाग करा, इस्कंदरकुल तळं आणि पंजकेंट शहर.

बदख्शानला म्हणजे पामीरच्या भागाला व्हिसाबरोबर आणखी एक वेगळं परमिट लागतं, ई-व्हिसाचा फॉर्म भरतानाच त्याची खूण करायची, नंतर मागे लागण्यापेक्षा ते सोपं. मध्यंतरी तिकडे गडबड झाली तेव्हा परमिट काही काळ बंद होती आणि अफगाण सीमेजवळ अधूनमधून तणाव असतो, त्यामुळे निघण्याआधी आपल्या दुशान्बेच्या दूतावासाची सूचना बघाच. पासपोर्ट आणि परमिटच्या आठ-दहा झेरॉक्स जवळ ठेवा, चौकीचौकीवर मागतात. पूल, सैनिक, चौक्या यांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर घरीच ठेवा. आणि सीमेकडच्या भागात मळलेली वाट सोडून कुठेही शिरू नका, जुने भूसुरुंग अजून काही ठिकाणी आहेत.

अजून एक. आम्ही दुशान्बेतल्या एका एजन्सीला गाडीचे अर्धे पैसे आधी दिले आणि सकाळी आली ती गाडी झिजलेल्या टायरची, स्टेपनी नाही. भांडून दुसरी मिळवली पण त्यात दिवस गेला. गाडी आदल्या संध्याकाळी डोळ्यांनी बघा, टायर बघा, मगच पैसे.

---

चाकावरचा_माणूस

घाटवाटा दादांशी अर्धाच सहमत. मी २०१९ ला किर्गिझस्तानातल्या ओश शहरावरून खोरोगला सायकलने आलोय, काराकुल तळ्याकाठी दोन रात्री तंबूत काढल्या, आणि ज्याने काराकुल बघितलं नाही त्याने पामीर बघितला असं मला वाटत नाही. ३९०० मीटरवर एवढं निळं पाणी आणि आजूबाजूला झाड नाही, माणूस नाही. वय ६३ म्हणजे काही म्हातारपण नाही हो. पण हे मान्य की १२ दिवसांत नाही. १८ दिवस काढता आले तर खोरोगला तीन रात्री, मग मध्ये एखाद्या गावात मुक्काम करत हळूहळू वर असं जमेल, उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून. १२ च असतील तर दादा म्हणतात तेच करा.

पैशाचं: चलन सोमोनी, साधारण नऊ-दहा रुपयांना एक. डॉलर घेऊन जा आणि नोटा कोऱ्या करकरीत, घडी पडलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट परत करतात. दुशान्बेत एटीएम आहेत, व्हिसा-मास्टरकार्ड चालतं, पण डोंगरात शिरण्याआधी पुरेल एवढी सोमोनीची रोकड काढून ठेवायची आणि त्यात दहा-वीसच्या नोटा भरपूर, कारण खेड्यात सुट्टे नसतात.

---

भटकभवानी

मीरा, मी दोन मैत्रिणींबरोबर गेले होते, तिघीही शाकाहारी, तर जेवणाचं माझ्याकडून घे.

तिकडचं मुख्य जेवण म्हणजे पलाव, त्याला ते ओश म्हणतात, त्यात मटण असतंच आणि मटण बाजूला काढून दिलं तरी भात चरबीत शिजलेला असतो. सूप मागवलं तरी रस्सा मटणाचाच. पण एक पदार्थ आहे ज्यासाठी मी परत जाईन, कुरुतोब. खारवलेल्या दह्याचे वाळवून केलेले पांढरे गोळे असतात, कुरुत, ते पाण्यात कालवून दाटसर ताकासारखं करतात, त्यात पापुद्रे सुटलेली फतीर नावाची पोळी हाताने तोडून घालतात आणि वरून कांदा परतून गरम तेलासकट ओततात. मग काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, पात. लाकडी परातीत येतं आणि सगळ्यांनी एकाच परातीत हाताने खायचं. आम्हाला पहिला घास घेतल्यावर एकदम आजीची ताकात कुस्करलेली शिळी भाकरी आठवली. आणि तेल कुठलं माहितीय, पारंपरिक पद्धतीत जवसाचं! आमच्याकडे सोलापूरला जवसाची चटणी रोज ताटात, त्यामुळे तो वास लगेच ओळखला. मात्र काही ठिकाणी वरून मटणाचे तुकडे घालतात, म्हणून आधीच "बे गुश्त" सांगायचं. बेकार, बेइमान मधला जो बे तोच, आणि गुश्त म्हणजे गोश्त. आईंना हे शिकवायचीही गरज नाही :)

बाकी भोपळ्याचा सांबुसा मिळतो पण मटणाचा आणि तो बाहेरून सारखाच दिसतो, विचारूनच खा. तंदूरची नोन कुठेही मिळते, ती टेबलावर उपडी ठेवायची नाही आणि टाकायची तर अजिबात नाही, आपण अन्नाला पाय लागू देत नाही तसंच. सप्टेंबर म्हणजे द्राक्षं आणि खरबुजांची चंगळ, अर्ध्या दिवसाचं जेवण तर खरबूज आणि नोनवर होतं. नळाचं पाणी पिऊ नका. आणि बरोबर दोन-तीन पाकिटं भाजणी, सातूचं पीठ, लोणचं न्याच, कारण डोंगरातल्या घरी बटाटा, नोन, चहा यापलीकडे बिनमांसाचं फार काही नसतं.

चहा हिरवा आणि बिनदुधाचा. पियोल्यात म्हणजे आपला पेला, त्यात थोडाच ओततात, तो कमीपणा नाही तर उलट मान आहे, थोडा थोडा ओतायचा म्हणजे पाहुणा जास्त वेळ बसतो. भरून दिला की समजायचं निघायची वेळ झाली. जमिनीवर दस्तरखान (जेवण मांडायचं कापड) घालतात तो ओलांडायचा नाही.

कपडे: डोकं झाकायची सक्ती अजिबात नाही, उलट २०२४ मध्ये त्यांनी 'परक्या' पोशाखाविरुद्ध कायदा केला त्यात हिजाबचाच विषय होता. पंजाबी ड्रेस उत्तम. तिथल्या बायका रंगीबेरंगी कुर्ता आणि खाली इजार घालतात, इजोर म्हणतात त्याला. ती आपली विजार! आम्हाला बाजारात बायका थांबवून ओढणीचं कापड बोटांनी चाचपून बघायच्या, किती प्रेमाने. खेड्यातल्या घरी संडास अंगणाच्या टोकाला, खड्ड्याचा, रात्री बॅटरी लागते. आईंसाठी दुमडता येणारी काठी घे.

---

साताऱ्याची_मीरा

बापरे किती छान लिहिलंत सगळ्यांनी. आईला आत्ता वाचून दाखवलं, घाटवाटा दादांच्या पत्नीचं ऐकून ती स्वतःच म्हणाली मुर्गाब नको, आणि इजारीपाशी तर तिने मला परत वाचायला लावलं. पामीर पुढच्या वेळी. तर मग पश्चिमेकडचं कसं करायचं? तिकडे खरंच फारसी कानावर पडेल की सगळे रशियनच बोलतात? कुणीतरी म्हणालं पंजकेंटला उझ्बेकीच चालते.

---

होऊ_घातलेला_डॉक्टर

काकू (ताई म्हणू का?), मी मूळचा लातूरचा, दुशान्बेत मेडिकलला चौथ्या वर्षाला आहे. इथे आपल्याकडची बरीच मुलं शिकतात. भाषेचं मी सांगतो कारण मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.

शहरात रशियन चालते हे खरं, पण बाजारात, वडापमध्ये, घरात ताजिकीच, आणि ताजिकी म्हणजे फारसीच, फक्त लिहितात रशियन लिपीत. पंजकेंटला उझ्बेकी बोलणारेही आहेत पण ताजिकी सगळ्यांना येते. उच्चाराची एक युक्ती आहे, आपल्याकडे फारसी शब्दात लांब आ असतो तिथे हे लोक ओ म्हणतात. बाजार म्हणजे बोझोर, नान म्हणजे नोन, बादाम बोदोम, अनार अनोर, हजार हझोर. हे एकदा कानाला बसलं की अर्धं वाक्य कळायला लागतं. आकडे तर यक, दु, से, चोर, पंज, शश, हफ्त. हो, चार म्हणजे चोर! माझी आई आली होती तेव्हा भाजीवाल्या आजीने चार बोटं दाखवून "चोर, चोर" म्हटलं आणि आईचा चेहरा बघण्यासारखा झाला, मग मी सांगितल्यावर दोघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या.

काही शब्द फसवतात ते आधीच सांगतो. किमत म्हणजे किंमत नव्हे, महाग. भाव विचारायचा तर "चंद पुल?" आणि दुकानदार भराभर बोलायला लागला की वही पुढे करून "नविसेद" म्हणायचं, म्हणजे लिहा. फडणवीस, चिटणवीस यातला जो नवीस तोच हा. शंभरदा उपयोगी पडतो. आणि अंडं न खाणाऱ्यांसाठी, तुख्म म्हणजे अंडं. आपण फालुद्यात तुकमराई घालतो ना त्यातला तुक हाच, तिकडे मूळ अर्थ बी. तर "गुश्त ने, तुख्म ने" एवढं सांगितलं की स्वयंपाकघरातून एखादी मावशी बाहेर येऊन बघून जाते की कोण हे लोक, आणि मग काहीतरी करून देते. भेटल्यावर उजवा हात छातीवर ठेवून "सलोम" म्हणा, आभाराला "रहमत".

---

घाटवाटा

वा, डॉक्टर! हे नविसेद आधी माहीत असतं तर आमचे बरेच सोमोनी वाचले असते.

मीराताई, पश्चिमेचा बेत असा करा. पहिले तीन दिवस दुशान्बे. वेळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. दुशान्बे म्हणजे सोमवार, सोमवारचा बाजार भरायचा ते गाव, मध्ये १९२९ ते १९६१ त्याचं नाव स्टालिनाबाद होतं. पुरातन वस्तूंच्या संग्रहालयात अजिना-तेपाचा निजलेला बुद्ध आहे, जवळजवळ १३ मीटर लांब, मातीचा, तो चुकवू नका. ९ सप्टेंबर त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्या दिवशी शहरात बरेच रस्ते बंद, प्रवासाचा दिवस तो ठेवू नका.

मग गाडीने अंझोबच्या ५ किलोमीटरच्या बोगद्यातून इस्कंदरकुल, २२०० मीटरच्या आत आहे, आईंना त्रास नाही. तिथून पंजकेंट. आणि पंजकेंटला गेलात तर ७व्या-८व्या शतकातलं उजाड सोग्दी (तिथल्या जुन्या व्यापारी लोकांचं) शहर बघा, तिथे घरांच्या भिंतींवर जी चित्रं सापडली त्यात आपल्या पंचतंत्रातल्या गोष्टी आहेत. मूळ चित्रं बरीचशी रशियाला गेली, पण त्या मातीच्या भिंतींमधून चालताना शाळेतल्या बाईंना जे वाटेल ते आम्हाला वाटणार नाही.

दोन शहरांत जायचं तर वडापच. टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही, पुढची सीट महाग. तिघं आहात तर चौथ्या सीटचे पैसे देऊन अख्खी गाडी घ्या, आईंना पाय मोकळे करायला हवं तिथे थांबवता येईल.

---

होऊ_घातलेला_डॉक्टर

आणि पंजकेंटला जाऊन हफ्त कुल सोडू नका प्लीज. सात तळी, एकावर एक, पहिलं साधारण १६०० मीटरवर आणि सातवं २४०० मीटरवर. सहाव्यापर्यंत गाडी जाते, रस्ता खराब आहे, सातव्याला चालावं लागतं. आता तळ्यांची नावं बघा. तिसरं हुश्योर, म्हणजे हुशार, सावध. पाचवं खुर्दक, सगळ्यात छोटं. आपल्या गावांच्या नावात खुर्द आणि बुद्रुक असतं ना, तोच खुर्द, आणि बुद्रुक म्हणजे बुझुर्ग, मोठं. सातवं हझोरचश्मा, हजार झरे. घाटवाटा दादांनी लिहिलेल्या गर्म चश्म्यातला चश्माही झराच, आणि चश्म म्हणजे डोळा, त्यावरून आपला नाकावरचा चष्मा. मी आमच्या ड्रायव्हरला सांगितलं की माझ्या मामाचं गाव खुर्द आहे, तर त्याने गाडी थांबवली आणि विचारलं मग बुझुर्ग कुठाय. नदीच्या पलीकडे म्हटलं. तो म्हणाला आमच्याकडेही तसंच असतं.

सहाव्या तळ्याच्या गावात एक रात्र घरगुती मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नसताना पाणी बघा.

---

साताऱ्याची_मीरा

आईने वही काढली. खरंच काढली, जुनी शाळेची लांब वही, आणि हुश्योर, खुर्दक, हझोरचश्मा लिहून घेतलं, समोर आपले शब्द. तिचं आजोळ वडूजकडचं आणि तिथे शेजारच्याच एका गावाच्या नावात बुद्रुक आहे, तर सकाळपासून माहेरच्या दोन बहिणींना फोन करून झाले. हफ्त कुल नक्की, दोन रात्री तिथेच. ई-व्हिसाचा फॉर्म उद्या भरतोय.

डॉक्टर, ताईच म्हण रे. दुशान्बेला असशील ना सप्टेंबरमध्ये? आई विचारतेय तुला काय आणू.

---

होऊ_घातलेला_डॉक्टर

असणार ताई, १ सप्टेंबरला कॉलेज सुरू होतं. इथे दोन-तीन इंडियन हॉटेलं आहेत, पनीर मिळतं, पण मेतकूट कुठेच नाही. आजींना सांगा मेतकूट, जमलं तर पावशेर. आणि शेंगदाण्याची चटणी लातूरची नसली तरी चालेल.